सातबाऱ्यासाठी ब्राउझरची सुरक्षा बंद करावी का?

प्रश्न : मोबाइलवर सातबारा बघताना क्रोम पान अडवतं. दुकानदार म्हणतो, ‘सुरक्षा बंद करा, उघडेल.’ करू का? कुलपाचं चिन्हही दिसत नाही.
– एक शेतकरी भगिनी, तलासरी

उत्तर : ताई, सुरक्षा मुळीच बंद करू नका. उतारा वेगळ्या खिडकीत उघडत असेल, तर क्रोम ती पॉप-अप समजून अडवतं. यात धोका काही नाही. तशी सूचना आली की ‘नेहमी दाखवा’ दाबा. मुभा फक्त त्याच साइटला मिळते.

पूर्ण लाल पान आलं तर मात्र मागे फिरा. ‘कनेक्शन खाजगी नाही’ असं आल्यास आधी फोनची तारीख-वेळ तपासा. ती चुकली तरी हा इशारा येतो.

कुलपाचं म्हणाल, तर ते क्रोमनेच 2023 मध्ये काढलं. बनावट साइटलाही कुलूप मिळतंच, मग त्याचा भरवसा काय? पत्ता वाचा : शेवट ‘महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ असाच हवा. दुकानदाराने सेटिंग आधीच बदललं असेल, तर ‘गोपनीयता आणि सुरक्षा’मध्ये सेफ ब्राउझिंग पुन्हा सुरू करा. फसवणुकीत पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.