व्यायाम सर्वांसाठी
मुलांनो, आपल्या पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो. तो मेंदूचा निरोप हातापायांना पोहोचवतो. त्याला इजा झाली, तर पाय हलेनासे होऊ शकतात. मग व्यायाम संपला का? नाही!

मुरलीकांत पेटकर हे महाराष्ट्राचे जवान. १९६५ च्या युद्धात त्यांच्या कण्यात गोळी लागली. तरी ते पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले.

ज्यांना घराबाहेर पडणे कठीण आहे, त्यांनी काय करावे? डॉक्टरांना विचारून इंटरनेटवरील व्यायामाचे पाठ पाहावेत. चाकांच्या खुर्चीत बसून हातांनी व्यायाम करावा. आठवड्यातून २ वेळा, निदान २० मिनिटे, असे तज्ज्ञ सांगतात.

तुमच्या शेजारी असे कोणी आहे का? त्यांना मोबाइलवर पाठ लावून द्या. त्यांच्याबरोबर तुम्हीही व्यायाम करा.