काम चालू, कचेरी चालू

सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या नोकरीत मी नव्या इमारती थोड्याच बांधल्या, जुन्या मात्र पुष्कळ दुरुस्त केल्या. त्यातल्या बहुतेक चालू कचेऱ्या होत्या: तहसील, भूमी अभिलेख, कोषागार. वर छताचे पोपडे काढायचे आणि खाली दाखल्यांची रांग. नव्याने रुजू झालेले कनिष्ठ अभियंते विचारायला येतात तेव्हा त्यांना जे सांगते, तेच इथे मांडते.

१. एस्टिमेट करण्याआधी व्हरांड्यात उभे राहा.
नकाशात भिंती दिसतात, माणसे दिसत नाहीत. आठवडे बाजाराच्या दिवशी मुद्दाम जा. लोक कुठल्या दाराने येतात, अर्ज कुठे लिहितात, म्हातारी माणसे कुठे टेकतात, पाणी कुठे पितात ते बघा. एका तहसील कचेरीच्या नकाशात ‘मोकळा व्हरांडा’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात तिथे अर्जनवीस आणि मुद्रांक विक्रेते बसत, आणि तालुक्याची निम्मी कामे तिथूनच सुरू होत. आम्ही आधी आवारात त्यांच्यासाठी पत्र्याची शेड उभारली आणि मगच व्हरांड्यात परांची बांधली.

२. आधी दप्तर, मग भिंत.
सगळ्यात जास्त वेळ याला द्या. अभिलेख कक्षातले कागद हेच त्या इमारतीतले सर्वांत मोलाचे सामान आहे. भिंत पुन्हा बांधता येते, फेरफार नोंदवहीचे फाटलेले पान पुन्हा मिळत नाही. म्हणून हलवण्याआधी वर्गीकरण आणि निंदणीकरण करून घ्या. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे असतात, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे. ‘ड’ वर्गाचे वर्षभरानंतर ठेवायचे कारणच नाही. हे आधी केले नाही, तर नष्ट करायच्या कागदांचीही हमाली होते आणि त्यांच्यासाठी तात्पुरती जागा शोधत बसावे लागते.

एका अभिलेखपालांचे काम मी जवळून पाहिले. प्रत्येक रुमालाच्या गाठीत त्यांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवली होती. वर जुना रॅक, कप्पा आणि गठ्ठा क्रमांक, खाली नव्या जागेतला. क्रम तोच ठेवला, एकही गठ्ठा रॅक सोडून गेला नाही. हलवाहलव ऐन भरात असताना एक आजी वडिलांच्या नावच्या जुन्या फेरफाराची नक्कल मागायला आल्या. त्यांना ‘काम संपल्यावर या’ असे सांगावे लागले नाही, त्याच दिवशी नक्कल मिळाली.

दप्तराच्या खोलीवरचे छत पावसाळ्यात उघडू नका, कंत्राटदार ताडपत्रीची कितीही हमी देवो. आणि कागद जिथे आहेत तिथे वेल्डिंग, गॅस कटर, तात्पुरत्या लोंबत्या वायरी चालू देऊ नका. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे गेली, वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. पुढे त्या इमारतीचे नूतनीकरण झाले तेव्हाही बाकीच्या मजल्यांवर राज्याचा कारभार चालूच होता. राज्यातल्या प्रत्येक अभियंत्याने ती तारीख लक्षात ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

३. कचेरीचे कॅलेंडर टेंडरमध्ये उतरवा.
मार्चअखेरीस कोषागाराला हात लावू नका. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी तहसीलला पाय ठेवायला जागा नसते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. गावाहून आलेला माणूस आपली तक्रार सांगत असताना शेजारी ब्रेकर चालला, तर त्याचे म्हणणे ऐकू कसे येणार? २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. फोडाफोडी शुक्रवारी सव्वासहानंतर सुरू करून रविवारी दुपारी थांबवा. रविवारची संध्याकाळ राडारोडा उचलायला आणि धूळ पुसायला राखून ठेवा. हे सगळे टेंडरच्या अटींत असेल, तरच कंत्राटदार रात्रीच्या मजुरीचा दर धरतो. नाहीतर पहिल्याच महिन्यात ‘एक्स्ट्रा आयटम’चे पत्र येते.

४. नवे स्वच्छतागृह सुरू झाल्याशिवाय जुने पाडू नका.
यात तडजोड नाही. दिवसभर कचेरीत बसणाऱ्या महिला कर्मचारी आणि पहाटेची एसटी पकडून आलेल्या बाया काय करतात, याचा विचार बैठकीत कोणी बोलून दाखवत नाही. तुम्ही दाखवा.

५. भिंत कशाची आहे ते आधी ओळखा.
इंग्रजांच्या काळातल्या कचेऱ्या दगड-चुन्याच्या आहेत. त्या भिंती ओल शोषतात आणि बाहेर टाकतात. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत रंग सुटतो आणि आतला चुना भुसभुशीत होतो. चुन्याच्या कामाला वेळ लागतो, गवंडीही कमी उरलेत, तरी चुनाच वापरा.

नंतरच्या आरसीसी इमारतींचे दुखणे वेगळे. गज गंजला की फुगतो आणि खालचे काँक्रीट ढकलून देतो. छोटी हातोडी घेऊन तुळईच्या खालच्या बाजूला स्वतः ठोकत जा. टण् असा भरीव आवाज येता येता मधेच ‘बद्’ असा पोकळ आवाज येतो, तिथे खडूने खूण करा. खुणा जोडल्या की गंजलेल्या गजाची रेघच दिसते. टेकू आधी, वरची कपाटे उतरवणे त्याच दिवशी, फोडणे त्यानंतर. गंज न काढता वरून गिलावा मारणे ही खाली बसणाऱ्या लिपिकाची सरळ फसवणूक आहे.

६. वीज तोडायची असेल तर आदल्या दिवशी लेखी कळवा.
आता सातबारापासून सगळे ऑनलाइन आहे. भर दुपारी मेन स्विच पाडला की खिडकीवरच्या माणसाची फेरी फुकट जाते, त्याची मजुरी बुडते.

७. तात्पुरती वाटसुद्धा सर्वांसाठी असू द्या.
रॅम्प १२ फुटांना १ फूट चढ यापेक्षा उभा नको, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण काम चालू असताना फळ्या टाकून केलेल्या वाटेला हाच नियम लावणारे थोडे. कुबड्या घेऊन येणाऱ्याला संजय गांधी योजनेचा अर्ज आजच द्यायचा असतो, रॅम्प पूर्ण झाल्यावर नाही.

८. फाटकाशी पाटी आणि माणूस, दोन्ही ठेवा.
शाखा हलत राहतात, म्हणून दर सोमवारी पाटी बदला: कोणती शाखा, कोणती खोली, कोणते दार. अक्षरे मोठी आणि ठळक. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कचेरीची माहिती असलेला कोणीतरी, शक्य तर एखादा निवृत्त शिपाई, तिथे खुर्ची टाकून बसवा. त्याची मजुरी एस्टिमेटमध्येच धरा. लेखापरीक्षणात शेरा आला, तर काम संपेपर्यंत त्याने किती जणांना योग्य खोलीपर्यंत पोहोचवले, त्याची नोंदवही पुढे ठेवा.