गुलकंदासाठी कोणता गुलाब?

प्रश्न : हल्लीच्या कलमी गुलाबांना गंध नाही. गुलकंदाजोगा जुना सुवासिक गुलाब पुण्यात लावता येईल काय?

उत्तर : कनौजच्या अत्तराचा चैती गुलाब कडक थंडीवाचून मनाजोगा फुलत नाही, आणि फुलला तरी वर्षातून एकदाच, सबब त्याचा हव्यास सोडून आपण फांदीवरून सहज रुजणारा व वारंवार बहरणारा एडवर्ड गुलाब, ज्यास आपल्याकडे गावठी म्हणतात, तोच लावावा. रूप बेताचेच, पाकळ्या विस्कळीत; प्रदर्शनात त्याची दखल कोणी घेणार नाही. परंतु उन्हे चढण्यापूर्वी खुडलेल्या त्याच्या पाकळ्या, दंव फडक्याने टिपून, खडीसाखरेसह थराथराने बरणीत भरून काही आठवडे उन्हात ठेवल्या असता उत्कृष्ट गुलकंद सिद्ध होतो. कीटकनाशक फवारलेली फुले मात्र सर्वथा वर्ज्य.