डोके उठते तेव्हा : अर्धशिशीची ओळख आणि घरातली वही



वस्तीतल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासायला बसलेल्या ताई हमखास एक गोष्ट सांगतात. "मला पित्ताचा त्रास आहे. महिन्यातून दोन-तीनदा डोके उठते, उलटी झाली की उतरते." आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असते, डोके मात्र थांबलेले नसते. यातल्या पुष्कळ जणींना पित्त नसून अर्धशिशी असते. डॉक्टर तिला मायग्रेन म्हणतात.

नाव अर्धशिशी असले तरी ती अर्ध्याच डोक्यात दुखते असे नाही. बहुधा एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना, तर कधी मानेपासून वर चढत ती येते. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर पडतो. जिना चढला, हंडा उचलला, खाली वाकले की वाढतो. उजेड नकोसा होतो, भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो, शेजारच्या फोडणीचा वास आला तरी मळमळते. उपचार न केल्यास हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. नंतर सगळे ठीक होते आणि पुढच्या वेळेपर्यंत माणूस अगदी धडधाकट दिसतो. नेमके इथेच घोटाळा होतो. काल झोपून होती, आज हसत पाण्याला आली, म्हणजे काल नखरे होते, असे सासू, नवरा आणि कामाची मालकीण धरून चालतात. हे नखरे नाहीत. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना कामातून उठवणाऱ्या आजारांत अर्धशिशीचा नंबर जगभर अगदी वरचा आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती दोन ते तीन पटीने जास्त आढळते. रोजंदारीवर पोट असणाऱ्या घरात महिन्याचे तीन खाडे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. डोके दुखताना मळमळते का? एरवी चालणारा उजेड तेव्हा सहन होत नाही का? त्या दुखण्यामुळे गेल्या तीन महिन्यांत एखाद्या दिवशी काम सोडावे लागले का? तीनपैकी दोन उत्तरे 'हो' असतील तर अर्धशिशीची शक्यता बरीच आहे. पक्के निदान डॉक्टर करतील. ते बहुतेक वेळा हकिगत ऐकून आणि साधी तपासणी करूनच होते. धोक्याची लक्षणे नसतील तर स्कॅनची गरज नसते, त्यासाठी कर्ज काढू नका.

आता पित्ताचे कोडे. या आजारात चेहऱ्याला आणि मेंदूच्या आवरणांना संवेदना पुरवणारी मोठी नस चेतते. तिच्या टोकांतून काही रसायने सुटतात, तिथल्या रक्तवाहिन्या सुजल्यासारख्या होतात आणि ठणका सुरू होतो. त्याच वेळी जठराचे काम मंदावते. खाल्लेले तसेच पडून राहते, म्हणून मळमळ आणि उलटी. म्हणजे मूळ त्रास डोक्यात आहे, पोट त्याच्या मागून बिघडते. उलटीनंतर काहींचे डोके उतरते हे खरे, पण घशात बोटे घालून उलटी काढल्याने आजार जात नाही, अंगातले पाणी तेवढे जाते. जठर मंदावण्याचा दुसरा परिणाम औषधावर होतो, तो पुढे येईल.

काही जणांना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, मधला भाग दिसेनासा होतो किंवा हाताला, ओठाला मुंग्या येतात. हे हळूहळू पसरते आणि पाच मिनिटे ते तासाभरात निवळते. याला 'ऑरा' म्हणतात. ज्यांना असे होते त्यांनी ते लक्षात ठेवावे, गर्भनिरोधक गोळीच्या संदर्भात त्याला फार महत्त्व आहे. रेषा दिसत नसल्या तरी आदल्या दिवशी वारंवार जांभया, चिडचिड, मान आखडणे, गोड खावेसे वाटणे अशी सूचना शरीर देत असते. यातून गंमत अशी होते की, अटॅक आतून सुरू झालेला असतो म्हणून गोड खावेसे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी दोष मात्र गोडाला जातो.

अर्धशिशी कशाने चाळवते? उपाशी राहणे, अपुरी किंवा नेहमीपेक्षा जास्त झोप, पाणी कमी पिणे, ऊन, लखलखता उजेड, उग्र वास, मोठा आवाज, मनावरचा ताण, पाळी, दारू. नेहमीचा चहा अचानक चुकला तरी उठते. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठणाऱ्यांचे डोके त्यामुळेच धरते: झोप बदलली, चहा लांबला, नाश्ता राहिला. एकेक कारण सुटे असताना काही होत नाही. हंडा भरावा तशी ती साठत जातात आणि शेवटच्या तांब्याने हंडा वाहू लागतो. पहाटे चारला पाण्याच्या रांगेत उभे राहायचे, कोऱ्या चहावर कामाला जायचे, दुपारी पत्र्याखाली तापायचे, त्यात पाळी जवळ आलेली. मग कुणीतरी अत्तर लावून शेजारून गेले की बस्स. बिचारे अत्तर बदनाम होते.

म्हणून वही ठेवा. मुलांची अर्धी कोरी राहिलेली वही चालेल. डोके दुखले त्या दिवशी तारीख, किती वाजता सुरू झाले, किती तास टिकले, आदल्या रात्रीची झोप, त्या दिवशी पहिला घास किती वाजता खाल्ला, पाळीचा दिवस, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि उपयोग झाला का, एवढे लिहायचे. लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खूण करा, गोळी घेतली त्या दिवशी निळी, पाळीला काळी. तपशील मुले भरून देतील. तीन महिने तरी ठेवायची.

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंची अशी वही मी पाहिली. त्यांनी वांगे आणि दही कधीच बंद केले होते, तरी त्रास होताच. वहीत तीन महिन्यांत अकरा अटॅक होते. त्यातले सात अशा दिवशी, की दुपारी एकपर्यंत पोटात चहाशिवाय काही नव्हते. तीन पाळीच्या अलीकडे-पलीकडे, एक लग्नातल्या जागरणानंतर. त्यांना पथ्य सांगितले ते एवढेच: घर सोडताना चहाबरोबर अर्धी भाकरी आणि कामावर जाताना पिशवीत मूठभर शेंगदाणे-गूळ. पुढच्या तीन महिन्यांत सहाच अटॅक आले. पाळीचे राहिले, ते औषधावर सोडले. वांगे आणि दही मात्र ताटात परत आले. आपल्या घरात आधीच पोषण कमी, त्यात ऐकीव पथ्यांनी एकेक पदार्थ बंद करत जाणे मला तरी चुकीचे वाटते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असे वहीतच दिसले, तर जरूर सोडावा.

आपल्या घरांतल्या दोन गोष्टी इथे सांगितल्या पाहिजेत. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या उपासिका दुपारी बारानंतर जेवत नाहीत. अर्धशिशी असेल तर बाराच्या आत पोटभर, डाळ-भाकरीसह जेवावे, दिवसभर पाणी प्यावे आणि संध्याकाळी गाळलेले लिंबू सरबत घ्यावे. औषधाला शीलात मनाई नाही. दर पौर्णिमेला डोके उठतेच असे वहीत दिसले तर भन्तेजींशी बोलून पंचशीलावर राहावे. दुसरी गोष्ट १४ एप्रिलची. उन्हाचा कडाका, उपाशीपोटी धावपळ, डीजेची भिंत आणि डोळ्यांवर मारणारे दिवे, हे सगळे एकाच दिवशी जमते. मिरवणुकीत जरूर चाला. पण जेवून निघा, टोपी किंवा ओढणी डोक्यावर घ्या, पाण्याची बाटली आणि गोळी जवळ ठेवा आणि स्पीकरच्या समोर न राहता मागच्या रांगेत चाला.

घरगुती उपायांचे म्हणाल, तर अंधारी शांत जागा, कपाळावर थंड पाण्याची घडी आणि झोप यांनी खरोखर आराम पडतो. वासाचा त्रास नसेल तर बाम लावायला हरकत नाही. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा जुना उपाय अजून चालतो. एखाद्याला त्याने बरे वाटत असेल, तर पहाटे पोटात काहीतरी गेले हे त्याचे कारण असावे. भाकरीनेही तेच काम होईल आणि स्वस्तात. कपाळाला बिब्बा लावणे किंवा डाग देणे मात्र पूर्ण बंद करा. बिब्ब्याने कातडी भाजते, व्रण कायमचा राहतो आणि अर्धशिशी तशीच राहते. गंडेदोरे, उतारे यांवर पैसे घालवायचे नाहीत हे या पानाच्या वाचकांना माहीत आहेच, पण घरातल्या म्हाताऱ्यांना ते समजावून सांगावे लागते.

आता गोळ्या. पहिला नियम वेळेचा. दुखणे सुरू झाल्याबरोबर, शक्यतो पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात गोळी घ्या. "बघू, सहन होते का" म्हणत दोन तास काढले की जठर मंदावलेले असते, गोळी पोटात पडून राहते आणि लोक म्हणतात गोळी लागू पडत नाही. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम काहीतरी खाऊन घेता येते. अर्धी गोळी तोडून घेण्यात अर्थ नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर पॅरासिटामॉलचा डोस डॉक्टरांना विचारा. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. पावसाळ्यात तापाबरोबर डोके दुखत असेल तर डेंग्यूची शक्यता असते, तेव्हाही आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको. मळमळ फार असेल तर डॉक्टर उलटी थांबवणारी गोळी सोबत देतात. साध्या गोळ्यांनी भागत नसेल तर सुमाट्रिप्टानसारखी खास अर्धशिशीची औषधे आहेत. हृदयविकार, पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना ती चालत नाहीत, म्हणून चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत.

दुसरा नियम मोजणीचा, आणि वस्तीत सर्वात जास्त नुकसान इथेच होते. किराणा दुकानातून सुटी गोळी घ्यायची, पाण्याबरोबर गिळायची आणि कामाला लागायचे, हे रोजचे होऊन बसते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अथवा ट्रिप्टान, एर्गोटामिन किंवा अनेक औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले, की त्या गोळ्यांमुळेच डोके रोज दुखू लागते. माणूस आणखी गोळी घेतो, डोके आणखी दुखते. वहीतल्या निळ्या खुणा आठवड्याला दोनच्या वर जाऊ लागल्या की दवाखाना गाठा. गोळी सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस वाया जात असतील तर अटॅक येऊच नये यासाठी रोज घ्यायची औषधे असतात: प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन. ही जुनी आणि स्वस्त औषधे आहेत. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, ते आधी सांगा. ॲमिट्रिप्टिलिन मनाच्या आजारावरही देतात. चिठ्ठीवर ते पाहून "मला वेडी ठरवले" म्हणत औषध टाकून देऊ नका, इथे ते थोड्या मात्रेत डोक्यासाठीच असते. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. अटॅक निम्म्यावर आले तर औषध लागू पडले असे समजावे.

ज्यांना ऑरा होतो त्या भगिनींनी माला-एन, माला-डी यांसारख्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांत इस्ट्रोजेन असते आणि ऑरा असताना त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंना किंवा नर्सबाईंना तसे स्पष्ट सांगा. तांबी किंवा इस्ट्रोजेन नसलेले दुसरे साधन त्या सुचवतील. दिवस गेले असतील तर मनाने कोणतीच गोळी नको. पाचव्या महिन्यानंतर जोराचे डोके, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातावर सूज असे झाले तर ती अर्धशिशी समजून घरी पडून राहू नये. रक्तदाब वाढल्याचे ते लक्षण असू शकते, त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

याशिवाय, एकाएकी वीज कोसळावी तसे आयुष्यात कधी नव्हते असे दुखणे, तापाबरोबर मान ताठ होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, झटके येणे किंवा डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारे दुखणे दिसले, तर १०८ला फोन करा. वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले, किंवा टीबी, एचआयव्ही, कर्करोग असलेल्या माणसाचे नवे दुखणे लवकर दाखवा.

अर्धशिशी घराण्यातून येते. आईला असेल तर मुलांकडे लक्ष ठेवा. मुलांत ती कपाळाच्या दोन्ही बाजूंना, थोडा वेळच दुखते, कधी डोक्याऐवजी पोटच दुखते आणि उलट्या होतात. शाळा बुडवण्याचे निमित्त म्हणून मारू नका. डबा न खाता परत येतो का, रात्री मोबाइलवर किती वाजेपर्यंत असतो, तेवढे वहीत लिहा. लहान मुलांना मोठ्यांची गोळी तोडून देऊ नये आणि ॲस्पिरिन तर अजिबात देऊ नये. आणि आई अंधार करून पडली असेल त्या संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद करा, फोडणीचे काही न करता खिचडी टाका, आणि तिने गोळी किती वाजता घेतली ते वहीत कुणीतरी मांडून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी तिला ते आठवत नाही.