घाटातील पडझड आणि मनातली धास्ती

प्रश्न : साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात सायकलवरून पडलेल्या, वजन जास्त असलेल्या सांगलीकर वाचकाचे मनगट जुळले, तरी उतार दिसताच धडकी भरते. हा भित्रेपणा समजावा काय?

उत्तर : मुळीच नाही; दुखापत भरल्यावरही हालचालीने पुन्हा इजा होईल अशी जी भीती उरते तिला ‘कायनेसिओफोबिया’ म्हणतात, आणि ‘वजनामुळेच पडला’ या घरच्या-दारच्या शेऱ्यांनी तिच्यात लाजेची भर पडते, जी अधिक घातक होय. अस्थितज्ज्ञांच्या संमतीने सांगलीच्या सपाट रस्त्यांवर, ब्रेकवरची पकड अजमावत, अंतर हळूहळू वाढवावे आणि घाट शेवटी घ्यावा. अपघात महिन्यानंतरही वारंवार डोळ्यांसमोर येऊन झोप उडत असल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतून मोफत समुपदेशन मिळते.