वाढता उद्योग आणि नोकरभरतीचा मोह

उद्योग वाढू लागला की माणसे वाढवावीत, असे कोणासही वाटते. चार मुलांच्या हाताला काम मिळते, म्हणून जादा भरतीला सहसा कोणी नाव ठेवत नाही. परंतु तिची किंमत शेवटी कोण मोजतो, हे आमच्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, यासाठी हा छोटासा पाठ.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत ही हळदीची पेठ. समजा, तेथे हळद पावडरीचा एक लहान कारखाना आहे. दहा कामगार, प्रत्येकी दरमहा १२,००० रुपये, म्हणजे पगार १,२०,०००. कच्चा माल, वीज व भाडे जाता मालकाच्या हाती १,६०,००० उरतात. पगार देऊन नफा ४०,०००. एके वर्षी मागणी वाढली आणि हाती २,८०,००० येऊ लागले. मालकाने आणखी दहा जण कायम म्हणून घेतले. पगार २,४०,००० झाला, नफा मात्र होता तेवढाच राहिला. चार महिन्यांनी मागणी पूर्ववत झाली. आता दरमहा ८०,००० रुपये तोटा! मागणी चढते-उतरते, पगार मात्र थांबत नाही.

साखर कारखान्यांत कायम व हंगामी कामगार असा फरक असतो, तो याच कारणाने. दुष्काळात ऊस कमी पडला की गळीत हंगाम लवकर आटोपतो आणि कायम नोकरांच्या बारा महिन्यांच्या पगाराचा बोजा थोड्या पोत्यांवर पडतो.

मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीत २०१९ अखेर सुमारे ४५,००० नोकर होते. सप्टेंबर २०२२ पर्यंत ते ८७,००० झाले. कोरोनाकाळातील वाढ टिकेल हा अंदाज चुकल्याचे मालकांनी मान्य केले व नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० हून अधिक लोकांना कमी केले.

अंदाज मालकाचा चुकतो, नोकरी कामगाराची जाते. त्यातही ‘शेवटी आला तो आधी जाणार’ हा जुना संकेत आहे. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडील एखाद्या घरातला पहिलाच पगारदार मुलगा असा शेवटचा असेल, तर त्याच्या भरवशावर काढलेले कर्जही उघड्यावर पडते.

म्हणून आम्ही सुचवितो :

१) आधी काम मोजावे, मग माणसे.

२) हंगामापुरत्या कामासाठी मुदत स्पष्ट सांगूनच माणूस घ्यावा, कायमची आशा दाखवू नये.

३) नवीन माणसाचा निदान तीन महिन्यांचा पगार शिल्लक असल्याशिवाय त्यास कायम करू नये.

४) नोकरी घेणाऱ्यानेही विचारावे : ही जागा जुनी की नवी, आणि हंगाम ओसरल्यावर माझे काम काय?

उद्या आपल्यापैकीच कोणी उद्योग काढील. त्याने दहा जणांना चार महिने कामावर ठेवण्यापेक्षा चौघांना दहा वर्षे सांभाळावे, त्यातच खरे कल्याण आहे, असे आम्हास वाटते.