अंडी देणाऱ्या कोंबड्यांतील जंत आणि ओली गादी

पावसाळा लागून महिना-दीड महिना लोटला की गादीवर पाळलेल्या कोंबड्यांची अंडी कित्येकदा हळूहळू कमी होऊ लागतात. तुरा फिका पडतो, खाल्लेले अंगी लागत नाही व विष्ठा पातळ होते. अशा वेळी पाळणारा प्रथम खाद्यास दोष देतो आणि अधिक महागाचे खाद्य आणतो. पुष्कळदा ते कोंबडीऐवजी तिच्या आतड्यातील जंतांस पोसते.

नेहमी आढळणारा मोठा गोल जंत पांढुरका असून त्याची मादी ६ ते १२ सें. मी. लांब असते. संख्या फार वाढल्यास आतडे तुंबून पक्षी दगावतो. क्वचित हा जंत अंडनलिकेत शिरून अंड्यातच सापडतो. नागपूरच्या सदर भागातील मंगळवारी बाजारात अंडी विकणाऱ्याचे गिऱ्हाईक तोडण्यास असे एकच अंडे पुरे होईल.

जंताची सूक्ष्म अंडी विष्ठेतून गादीत पडतात. ताजी असताना ती अपाय करीत नाहीत. परंतु ऊब व ओल मिळाली की १० ते २० दिवसांत त्यांत अळी तयार होते. कोंबडीने ती टिपली की अळी आतड्याच्या अस्तरात काही दिवस शिरून राहते आणि सुमारे ५ ते ८ आठवड्यांत वाढलेला जंत स्वतः अंडी घालू लागतो. म्हणून नुसते औषध पाजून भागत नाही. पायपराझिनने आतड्यातील वाढलेले जंत पडतात, पण अस्तरातील अळ्या बचावतात आणि गादीतील अंड्यांस तर औषध पोहोचतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते ती याचसाठी.

खरे काम गादीचे आहे. पाण्याच्या भांड्याभोवतालचे ओले तूस रोज काढून कोरडे घालावे, गादी दाताळ्याने वरचेवर हलवावी व औषधानंतर पडलेली विष्ठा त्वरित दूर न्यावी. जंतांची ही अंडी जंतुनाशकांस सहसा दाद देत नाहीत. ऊन व कोरडेपणा मात्र त्यांस सोसत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. जुना कळप काढून घर रिकामे करावयाचे असल्यास याच दिवसांत करावे, सर्व गादी उपसावी आणि जमीन खरवडून तापू द्यावी. तलंगा जुन्या कोंबड्यांत मिसळू नयेत. लहान पक्ष्यांस जंतांचा उपद्रव अधिक होतो.

चपटे जंत मुंग्या, भुंगेरे व माश्या खाल्ल्याने होतात. त्यांवर पायपराझिन चालत नाही. म्हणून औषधापूर्वी निदान हवे. सकाळी चार-पाच ठिकाणची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यकास दाखवावी. सदरपासून जवळच, सेमिनरी हिल्स भागात, १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. औषध चालू असता व त्यानंतर किती दिवस अंडी विकावयाची नाहीत, हेही पशुवैद्यकास त्याच वेळी विचारून घ्यावे.